झुंजार पुढच्या महिन्यात येतोय

मनमाड सोडल्यावर डाव्या-उजव्या खिडक्यांतून अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले दिसतात की नाही, यावर डब्यात वाद चाललेला असतानाच इंजिनाच्या कोळशाचा कण तुमच्या डोळ्यात जातो. तो चोळतच तुम्ही येवल्याच्या फलाटावर उतरता. साल 1959, जानेवारीचा दुसरा आठवडा. थंडी अशी की टांगेवाल्याने कानाला गुंडाळलेला मफलर बोलतानाही खाली घेतलेला नाही.

तुमच्या खिशातला फोन इथे नुसता काचेचा तुकडा आहे. त्यामुळे मनातले दोन प्रश्न माणसांनाच विचारावे लागणार. पहिला, बाबूराव अर्नाळकरांचं नवीन काय येतंय? दुसरा, ते कुठे भेटतील? तुमच्या काळात लेखकाचं पुस्तक यायच्या आधी त्याचं वेळापत्रक येतं. अमुक शहरात प्रकाशन, तमुक दालनात स्वाक्षऱ्या, रविवारी थेट गप्पा. मराठीतला सर्वांत जास्त खपणारा रहस्यकथाकार नाशिक जिल्ह्यात कधी फिरकणार, हे येवल्यात कोणाला तरी ठाऊक असेलच, असं तुम्ही धरून चालला आहात.

गाव संक्रांतीच्या तयारीत आहे. येवल्यात पतंग एक दिवसाचा नसतो; भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस माणसं धाब्यांवरून खाली उतरत नाहीत. गल्लीच्या या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत दोरा ताणलेला आहे आणि दोन पोरं सरस आणि कुटलेली काच फडक्यात धरून मांजा सुतवत चालली आहेत. ओट्यावर एक म्हातारा सुतार आसारीच्या काड्या बसवतोय. मांजा गुंडाळायच्या चक्राला इथे आसारीच म्हणायचं, फिरकी म्हणालात की तुम्ही बाहेरचे. मागून कुठून तरी हलकडी या वाद्याचा ठोका ऐकू येतो. सराव चाललाय.

पुस्तकाचं दुकान शोधायला वेळ लागत नाही, कारण ते या दिवसांत पतंगाचंही दुकान आहे. दर्शनी भागात कागदाच्या घड्या, मांजाचे गुंडे आणि मागच्या फळीवर, दोरी बांधून उभी केलेली, पाठीला खाकी कागद चिकटवलेली पुस्तकं. भाडं दिवसाला एक आणा. आणे जाऊन दोन वर्षं होत आली, पण व्यवहार अजून आण्यातच बोलला जातो आणि हातात सहा नवे पैसे पडतात.

"बाबूरावांचं नवीन काय आलंय?"

"नवीन म्हणजे? परवा आलं ते का आज पार्सलात आलं ते?"

हा विनोद नाही. तुम्हाला भविष्यातली एक गोष्ट माहीत आहे, जी दुकानदाराला माहीत असायचं कारण नाही. 1936 ते 1984 या काळात या माणसाच्या नावावर 1,092 रहस्यकथा पुस्तकरूपाने जमा होणार आहेत आणि गिनेस बुकात तशी नोंद होणार आहे. अठ्ठेचाळीस वर्षं, सरासरीने दर सोळा दिवसांना एक पुस्तक. ते नुसतं वाचायलाही दम लागतो. दुकानदार हे गणित न मांडताच जगतोय. त्याच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावापुढे पुस्तकांची नावं नाहीत, नायकांची आहेत. खत्र्यांच्या आळीतला झुंजारवाला, स्टेशनवरचा काळा पहाडवाला, शाळेतले एक गुरुजी धनंजय-छोटूवाले. गुरुजींचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी पोचवायचं, अशी वेगळी खूण आहे.

मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारता. "बाबूराव इकडे येणार आहेत का कधी? भाषणबिषण काही?"

दुकानदार तुमच्याकडे असं बघतो, की तुम्ही पावसाला पत्र घालायचा पत्ता विचारलाय.

"बाबूरावांचं काय काम हो इथं? झुंजार येतोय ना पुढच्या महिन्यात."

आणि तो एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडून तुमच्यापुढे धरतो. तिथे येणाऱ्या पुस्तकांची जाहिरात आहे. तुम्हाला हवी होती ती सगळी बातमी याच पानात आहे. कोण येतोय, केव्हा येतोय, आधीच्या भागात कोण निसटला होता. फक्त येणारा माणूस लेखक नाही. लेखकाचा फोटो नाही, परिचय नाही, गाव नाही. 'अर्नाळकर' हे आडनावसुद्धा घेतलेलं आहे, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे या दुकानात कोणाला विचाराल तर ते म्हणतील, कोण चव्हाण?

एक आणा द्या आणि पुस्तक घ्या. शंभरेक पानं, खरबरीत कागद, गंजलेल्या दोन टाचण्यांवर तगलेली शिवण. मुखपृष्ठावर पिस्तूल, सावली आणि साडीचा पदर उडालेली बाई. पहिल्याच पानावर, नावाच्या खाली, कोणा दुष्टाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: 'खुनी वकील आहे.' त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: 'खोटे. वाचू नये.' त्याच्याखाली तिसऱ्याने शाईने: 'दोघेही मूर्ख.' तुमच्या काळातली वाचकांची सगळी भांडणं या तीन ओळींत आधीच होऊन गेली आहेत. आता वकील पानावर आला की तुम्ही त्याच्याकडे संशयाने बघणार. या अज्ञात टवाळाला रहस्यकथा कशी चालते हे बाबूरावांइतकंच कळलं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

पुस्तक काखेत मारून तुम्ही गल्लीत शिरता आणि आवाजाच्या मागे जाता. येवल्यात आवाजाच्या मागे गेलं की मागाशी पोचतं. उंबऱ्याच्या आत, समोरच्याच खोलीत जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून बसलेला विणकर. पीतांबर मागावर आहे. पैठणीला मागणी फार उरलेली नाही. तिला पुन्हा दिवस यायचेत ते पुढे. कोपऱ्यात बायको कांड्या भरतेय. आणि भिंतीला टेकून एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोठ्याने वाचतोय. मागावर बसलेल्याचे हात आणि पाय दोन्ही गुंतलेले, कान तेवढे रिकामे. तेव्हा घरात जो शाळेत जातो त्याने वाचायचं, अशी वाटणी आहे. वाचनावरून इतर घरांत पोरं मार खातात, इथे वाचलं नाही म्हणून खातात.

झुंजार गच्चीच्या कठड्याला लटकलाय. खाली दोन मोटारी उभ्या आहेत. त्याची साथीदार विजया अजून आलेली नाही.

"थांब," विणकर म्हणतो.

"काय झालं, दादा?"

"जर तुटली. तोवर पुढं वाचू नको."

आणि घर थांबतं. तो वाकतो, तुटलेली जर दोन बोटांत धरतो, थुंकी लावून टोक वळतो, दुसऱ्या टोकाशी जुळवतो. घाई नाही. झुंजार कठड्याला लटकलेलाच. मुलाचं बोट ओळीवर, डोळे मात्र चोरून पुढच्या ओळीवर गेलेत आणि त्याच्या तोंडावर ते दिसतंय.

"पुढं पाहिलंस ना?"

"नाही."

"पाहिलंस. मेला का?"

"नाही सांगत."

आई हसते. धोटा पुन्हा सुरू होतो आणि विजया मोटार घेऊन येते. वाचता वाचता मुलगा मुंबईतल्या रस्त्यांची नावं अशी घेतो, जणू रोज तिथून शाळेत जातो. त्याने मुंबई पाहिलेली नाही, त्याच्या वडिलांनीही नाही. माल पेढीवर जातो, माणूस जात नाही. पण बंदरावरची गोदामं, टेकडीवरचे बंगले, रात्री बारानंतरची टॅक्सी हे सगळं त्या घरात वस्तीला आलंय. मुंबई महाराष्ट्राला मिळायला अजून सव्वा वर्ष आहे आणि त्यासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्यात. या पोराच्या खिशात ती दिवसाला एक आणा भाड्याने आधीच आहे. बाबूरावांच्या कामगिरीची नोंद करायची तर मी ती आकड्यापेक्षा या खात्यावर करीन. मथळे नेहमी 1,092 चेच झाले, हा भाग वेगळा.

आणि हो, यातला बराच माल इंग्रजी स्वस्त रहस्यमालांवरून उचललेला होता. गुरुजी हे सांगतील, वर नाक मुरडतील आणि संध्याकाळी वर्तमानपत्रातलं पार्सल सोडतील.

इथून मागे जायचं तर फार लांब नाही. 1936. गाव तेच, वीज नाही, आणि ओट्याओट्यावर एकच विषय. आदल्या वर्षी 13 ऑक्टोबरला इथल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, त्याला अजून वर्षही उलटलेलं नाही. येवल्याचं नाव देशभर गेलंय. मुंबईत कोणी चव्हाण नावाचा तिशीतला माणूस पहिली रहस्यकथा छापतोय, ही बातमी येवल्याला कशाला लागेल? लागत नाही. तुम्ही इकडेतिकडे विचारता, लोक मान हलवतात. पुढे चला.

1973. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम सुरू आहे. दुष्काळाचं दुसरं वर्ष, विहिरींचे तळ दिसताहेत आणि सरकारी कामावर हजेरी लागली तरच चूल पेटते. लिंबाच्या विरळ सावलीत हजेरीचा कारकून बसलाय, मांडीवर मस्टर आणि मस्टरमध्ये गुरुनाथ नाईक. बाबूरावांचा दबदबा ओसरलाय. गोव्याचे हे नाईक 1970 पासून लिहिताहेत आणि त्यांचा वेगही तसलाच आहे. शेवटी आकडा बाराशेच्या घरात जाणार. त्यांचे नायक कॅप्टन, मेजर. 1971 चं युद्ध नुकतंच झालंय, तेव्हा मुंबईच्या बंगल्यात शिरणाऱ्या झुंजारापेक्षा सरहद्द ओलांडणारा कॅप्टन दीप पोरांना जवळचा वाटतो, असं मला वाटतं. कारकुनाला विचाराल तर तो एवढंच म्हणेल, "याच्यात मारामारी लवकर सुरू होते."

"नाईकांचं पुढचं कधी?"

"हे संपायच्या आत."

बायका पाट्या उचलताहेत. एक जण म्हणते, "भाऊ, हजेरी झाली का पुस्तक झालं?" कारकून ओशाळतो, पान दुमडतो. त्या दुमडीतून तुम्ही सटकता. इथे थांबून गोष्टी सांगाव्यात असा हा उन्हाळा नाही.

1985 वर नजर टाका आणि निघा. येवल्यातल्या धाब्यांवर पतंगांच्या जोडीला अँटेना उभे राहिलेत. मांजा त्यात अडकतो, त्यावरून शेजाऱ्यांची भांडणं आहेत. दूरदर्शनवर करमचंद गाजर खातोय. आणा केव्हाच गेला, भाड्याच्या दुकानात आता व्हिडिओ कॅसेट आहेत आणि खाकी पाठीची पुस्तकं पोटमाळ्यावर. बाबूरावांच्या यादीतलं शेवटचं साल होऊन एक वर्ष झालंय. लेखक अजून अकरा वर्षं जगणार आहे, 1996 पर्यंत. त्या अकरा वर्षांत येवल्यात कोणाला त्यांची बातमी हवी होती, असं दिसत नाही. झुंजार यायचा थांबला तसे बाबूरावही गेले, गावाच्या लेखी. हा व्यवहार निष्ठुर आहे, पण तो पहिल्या दिवसापासून ठरलेलाच होता. नायकाच्या मागे लपलेल्याला नायकाबरोबरच जावं लागतं.

या व्यवहारातून बाहेर पडायची धडपड ज्याने केली तो पुण्याचा. सुहास शिरवळकरांनीही सुरुवात याच दुकानातल्या फळीवरून केली. दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अशी नायकांची फौज त्यांनी उभी केली. मग 1982 मध्ये 'दुनियादारी' आली. कॉलेजातली पोरं, कट्टा, खून नाही. आणि वाचकांनी नायकाऐवजी लेखकाचंच लाडकं नाव पाडलं, 'सुशि'. रहस्यकथाकाराला वाचकाने असं जवळ घेणं नवीन होतं. 2003 च्या जुलैत ते गेले, चोपन्नाव्या वर्षी. त्यांच्या कारकिर्दीतल्या मोठ्या बातम्या मात्र त्यानंतरच्या आहेत. 2013 मध्ये 'दुनियादारी'वरचा सिनेमा गर्दीत चालला. आणि त्यानंतरच्या बातमीसाठी तुम्हाला एप्रिल 2020 मध्ये उतरायला हवं.

टाळेबंदी. पैठणीच्या दुकानांचे शटर खाली, विंचूर चौफुलीवर पोलीस आणि बाकी रस्ता कुत्र्यांचा. एका घराच्या गच्चीवर तुम्हाला फोनला डोकी भिडवून बसलेले तिघे दिसतात. 'समांतर' बघताहेत, सुशिंच्याच कादंबरीवरची मालिका. कुमार महाजन नावाच्या त्रासलेल्या माणसाला कळतं, की सुदर्शन चक्रपाणी नावाचा कोणी एक आहे आणि त्याच्या हातावरच्या रेषा हुबेहूब आपल्यासारख्याच आहेत. तो जगून गेला ते वर्ष कुमारला अजून जगायचंय. चक्रपाणीचा भूतकाळ हेच कुमारचं भविष्य.

तुम्हाला इथे जरा अवघडायला होतं. आज सकाळपासून तुम्ही जे करताय ते हेच तर आहे. 1959 च्या त्या घरात बसून, पीतांबराचे दिवस जाणार, पैठणी परत येणार, दुकानाच्या पोटमाळ्यावर झुंजार जाणार, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसला होतात. कुमार मात्र गप्प बसत नाही. त्याला चक्रपाणीच्या डायरीतलं रोजचं पान वाचायचंच असतं.

"आजी, पुढं बघू नको ना!" गच्चीवरची मुलगी ओरडते. आजीने फोन हातात घेऊन बोटाने गोष्ट पुढे सरकवलीय.

"मला शेवट कळला की मग नीट बघता येतं," आजी म्हणते.

"मग मजा काय?"

"मजाच ती."

या दोघींचा वाद मिटणारा नाही आणि मिटू नये. मी स्वतः मुलीच्या बाजूचा. पण आजीचं वाचन जास्त बारीक असतं, हे कबूल करायला हवं. तिला खुनी शोधायचा नसतो, लेखकाने तो कुठे कुठे लपवला ते शोधायचं असतं.

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. लेखक भेटणार कुठे? त्यासाठी शेवटचा मुक्काम, डिसेंबर 2021, नाशिक. 94 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, 3 ते 5 तारखेला. मार्चमध्ये व्हायचं ते साथीमुळे पुढे गेलेलं. स्वागताध्यक्ष येवल्याचे आमदार छगन भुजबळ, त्यामुळे येवल्याहून माणसं आलीच आहेत. संमेलनाध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. रहस्यकथा नव्हे, पण उत्कंठेच्या घराण्यातला माणूस अध्यक्ष झालाय, म्हणजे फळीवरच्या पुस्तकांना एक पायरी वर चढल्यासारखं वाटायला हरकत नाही. बाबूरावांना ती खुर्ची कधी मिळाली नाही. नाईकांनाही नाही, आणि ते तर संमेलनाच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पुण्यात वारले.

तुम्ही मांडवात पुढची जागा धरता. एकदाचा लेखक दिसेल. आणि व्यासपीठावर कळतं, की प्रकृतीमुळे अध्यक्ष प्रत्यक्ष येऊ शकलेले नाहीत. इतक्या वर्षांचा प्रवास करून तुम्ही रिकाम्या खुर्चीपुढे बसला आहात! नाराज होण्याआधी एक आठवा. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली होती ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव नको, गोष्ट वाचा, एवढंच त्यात होतं. चव्हाणांचा अर्नाळकर झाला, नारळीकरांचा जगताप. लपायची हौस या धंद्यात जुनीच दिसते.

परतीला एसटी नाही. कर्मचाऱ्यांचा संप सुरू आहे, तेव्हा काळीपिवळीत कोंबून घ्यायचं. नाशकात जुन्या पुस्तकांच्या एका ढिगातून तुम्ही एक झुंजार उचललाय, मुखपृष्ठ अर्धं गेलेला. निफाड मागे पडतं. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा. त्यांची मान तिरकी व्हायला लागते, मग खांदा टेकतो, मग सरळ बोट येऊन पानावर बसतं.

"जरा हळू उलटा."

"तुम्ही आधी वाचलंय का हे?"

"वाचलंय ना, चौथीत. शेवटचं पान कोणी तरी फाडलेलं होतं. कोण निघतो ते सांगू नका बरं."

तुम्ही हळू उलटता. उसाचे ट्रॅक्टर ओलांडत गाडी पळते आणि ड्रायव्हर ओरडतो, "विंचूरवाले, चला, उतरा!" आजोबा बोट पानावरून काढत नाहीत.

"बाबा, तुमचंच ना विंचूर?"

"राहू दे रे. येवल्याचं तिकीट धर," ते म्हणतात, आणि तुम्हाला कोपराने ढोसतात. "हं, उलटा."